वेस्ट विंडसर, लंडन, वरळी: एका चॅनेलचा एक दिवस

रूट वनच्या कडेला, वॉशिंग्टन रोडजवळ, झाडांआड एक जुनं संशोधन-संकुल आहे. वेस्ट विंडसरमध्ये राहत असाल तर गाडीतून तुम्ही ते कित्येकदा ओलांडलं असेल. पोस्टाच्या पत्त्यात त्याचं गाव प्रिन्स्टन, पण जमीन वेस्ट विंडसर टाउनशिपची. १९४२ मध्ये आरसीए कंपनीने आपली प्रयोगशाळा इथे आणली. अमेरिकेने डिसेंबर १९५३ मध्ये रंगीत टेलिव्हिजनची जी पद्धत मान्य केली, तिच्यामागचं बरंचसं काम या आवारात झालं. टेलिव्हिजनच्या जनकांपैकी एक मानले जाणारे व्लादिमीर झ्वोरिकिन इथेच काम करायचे.

म्हणजे टीव्ही नावाच्या यंत्राच्या इतिहासात या टाउनशिपला जागा आहे. पण यंत्र तयार झालं की लगेच दुसरा प्रश्न येतो: यावर दाखवायचं काय? आणि चॅनेल एकच असेल, सगळे तेच बघणार असतील, तर कशानंतर काय दाखवायचं?

पॉडकास्टमध्ये या प्रश्नाला आपण जेमतेम हात लावला होता. इथे जरा सविस्तर बोलू. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी 'आता टीव्हीवर काय लागलंय?' हा प्रश्न आयुष्यात कधी विचारलाच नसेल. हवं ते, हवं तेव्हा लावायची सवय आहे. तुमच्या आजी-आजोबांच्या, कदाचित आई-बाबांच्याही लहानपणी मात्र दिवसाचा क्रम दुसरं कुणीतरी ठरवायचं. तो क्रम हा इतिहासाचा एक चांगला पुरावा आहे. कोण कुणाच्या शेजारी बसलंय, कुणाला किती वेळ मिळालाय, कुणाला अजिबात बोलावलेलं नाही, हे सगळं त्यात दिसतं. शिवाय तुमच्या-माझ्या मराठीचं पुढे काय झालं, याचाही थोडा उलगडा त्यात होतो.

आधी ग्रोव्हर्स मिल

क्रम म्हणजे काय चीज असते हे कळायला वेस्ट विंडसरमध्येच थांबू या. इथलं ग्रोव्हर्स मिल तुम्हाला माहीत असेलच. व्हॅन नेस्ट पार्कमध्ये मंगळावरच्या स्वारीचं स्मारकही आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री सीबीएस रेडिओवर ऑर्सन वेल्स आणि त्याच्या मंडळींनी एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवरून एक नाटक सादर केलं. मंगळावरचं यान इंग्लंडऐवजी न्यू जर्सीत, याच ग्रोव्हर्स मिलमध्ये उतरवलं.

नाटकाची गंमत त्याच्या रचनेत होती. सुरुवातीला हवामानाचा अंदाज. मग एका हॉटेलातून नाचाचं संगीत. मग संगीत मध्येच थांबवून बातमी. पुन्हा संगीत, पुन्हा बातमी. एखाद्या नेहमीच्या संध्याकाळी रेडिओ जसा वाजतो तसंच ते वाजत होतं. काही श्रोत्यांना खरंच हल्ला झालाय असं वाटलं. 'अख्खा देश रस्त्यावर धावत सुटला' ही गोष्ट मात्र वर्तमानपत्रांनी फुगवलेली होती, असं नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. पण ज्यांनी विश्वास ठेवला त्यांनी तो का ठेवला? कारण संगीतानंतर बातमी, बातमीनंतर पुन्हा संगीत, हा क्रम त्यांच्या अंगवळणी पडला होता. क्रमावर विश्वास असतो. म्हणूनच तो कोण लावतो याला महत्त्व येतं.

लंडनचा पहिला दिवस

आता दोन वर्षं मागे जाऊ. २ नोव्हेंबर १९३६, लंडन. उत्तरेकडच्या टेकडीवरच्या अलेक्झांड्रा पॅलेस या जुन्या इमारतीतून बीबीसीने नियमित टीव्ही सेवा सुरू केली. दुपारी तीन वाजता उद्घाटनाची भाषणं झाली. मग बातमीपट. मग अर्धा तास करमणूक: अॅडेल डिक्सन या गायिकेचं गाणं, बक आणि बबल्स ही कृष्णवर्णीय अमेरिकन जोडी, लाय फाउन्स हे चिनी कसरतपटू. चार वाजता प्रक्षेपण बंद. रात्री नऊनंतर पुन्हा सुरू झालं तेव्हा टीव्हीवरच केलेली एक फिल्म आणि 'पिक्चर पेज' नावाचा नवा कार्यक्रम झाला. 'पिक्चर पेज'मध्ये टेलिफोनच्या बोर्डवर बसलेली एक मुलगी एकेक 'फोन' जोडून द्यायची आणि पडद्यावर एकामागून एक वेगवेगळी माणसं यायची.

एकूण दोन तासांचाही कार्यक्रम नव्हता. बघणारी घरंही मोजकीच होती, कारण संच फार महाग. तरी त्या दिवसाचा साचा बघा: थोडी बातमी, थोडं गाणं, थोडी कसरत, थोड्या भेटीगाठी. यातलं कुठलंही एक सगळ्यांसाठी नव्हतं, पण सगळ्यांसाठी काहीतरी होतं. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन ही तिन्ही कामं एकाच सेवेने करायची, हा विचार बीबीसीचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांनी रेडिओच्या काळापासून रुजवला होता. श्रोत्याला जे हवं तेवढंच द्यायचं, हे रीथना मान्य नव्हतं. त्याला जे माहीतच नाही ते तो मागणार कसं, असा त्यांचा सवाल असे.

लंडनहून वरळी

हा साचा आपल्याकडे आला तो सरळ सरकारी रस्त्याने. बीबीसीतले लायोनेल फील्डन १९३५ मध्ये भारतात प्रसारणाचे प्रमुख म्हणून आले, आणि १९३६ मध्ये, म्हणजे अलेक्झांड्रा पॅलेसच्याच वर्षी, सरकारी रेडिओला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं. पुढे 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे आकाशवाणीचं ब्रीद झालं. शब्द आपले, पण सगळ्यांना एका छपराखाली बसवायची कल्पना रीथच्या ओळखीची.

टीव्हीच्या बाबतीत तर या रस्त्यावर एक मराठी माणूसच भेटतो. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला असताना टीव्हीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले होते. 'अपूर्वाई' हे त्यांचं प्रवासवर्णन त्याच मुक्कामातून आलं. पुस्तक घरात असेल, पण पुलं तिथे गेले होते कशासाठी, हे आपण विसरतो. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक टीव्ही सुरू झाला. त्या सुरुवातीच्या काळात पुलंनी तिथे काम केलं आणि पंडित नेहरूंची टीव्हीसाठी मुलाखतही घेतली.

मुंबईला मात्र तेरा वर्षं थांबावं लागलं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीला, मुंबई केंद्र सुरू झालं. दिल्लीनंतर देशातलं हे दुसरं टीव्ही केंद्र. वरळीला स्टुडिओ आणि आभाळात घुसलेला मनोरा. त्या मनोऱ्याच्या आजूबाजूला गिरणगाव, म्हणजे कापडगिरण्यांचा आणि गिरणी कामगारांच्या चाळींचा भाग. लवकरच सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि पुणेकरांनाही मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले.

एका संध्याकाळचा गजरा

सत्तरच्या दशकातल्या मुंबई केंद्राची एखादी संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. चित्र काळं-पांढरं. प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच. चाळीत एखाद्याच घरी संच, त्यामुळे शेजारची पोरं पुढे जमिनीवर, मोठी माणसं मागे, उरलेली दारात.

या संध्याकाळी मुलांसाठी 'किलबिल' असायची. बायकांसाठी 'सुंदर माझं घर'. कामगारांसाठी 'कामगार विश्व'. शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं'. साहित्य आणि कलांसाठी 'प्रतिभा आणि प्रतिमा'. आकाशानंदांचा 'ज्ञानदीप' तर इतका मनावर घेतला गेला की प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं काढली. गुरुवारी हिंदी सिनेमांच्या गाण्यांचं 'छायागीत'. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. पुढच्या आठवड्यात काय आहे ते सांगायला 'साप्ताहिकी'. आणि छोट्या नाटुकल्या, गाणी, गमतीजमती एकत्र बांधलेला कार्यक्रम, त्याचं नावच 'गजरा'. वेगवेगळी फुलं एका दोऱ्यात. त्या अख्ख्या संध्याकाळीला हेच नाव शोभलं असतं.

बातम्यांना स्मिता पाटील दिसायच्या, भक्ती बर्वे दिसायच्या, पुढे प्रदीप भिडे. सिनेमातली आणि रंगभूमीवरची मोठी नावं व्हायच्या आधी यातल्या काही चेहऱ्यांची ओळख घराघरांत झाली ती बातम्या वाचणारी माणसं म्हणून. नंतर चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' मालिका आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ.

मध्येच चित्र गेलं की पाटी यायची: 'व्यत्यय'. लोक उठून जात नसत. जाणार कुठे? दुसरं चॅनेलच नव्हतं.

आता या यादीकडे जरा संशोधकाच्या नजरेने बघा. 'आमची माती आमची माणसं' शेतकऱ्यांसाठी. पण सत्तरच्या दशकात वरळीच्या मनोऱ्याचा आणि सिंहगडाचा आवाका कुठपर्यंत होता? मुंबई, पुणे आणि आसपासचा पट्टा. विदर्भ-मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत टीव्ही पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. म्हणजे खतं, बियाणी, किडी, पाऊसपाणी यांवरची ती चर्चा त्या काळात ऐकली कुणी? आसपासच्या गावांतल्या लोकांनी ऐकलीच, पण दादरच्या, गिरगावच्या, सदाशिव पेठेच्या माणसांनीही ऐकली. बरेचदा नाइलाजाने, पुढचा कार्यक्रम लागेपर्यंत.

हा नाइलाज महत्त्वाचा आहे. शहरातल्या मुलांना खोडकिडा म्हणजे काय, कोळपणी कधी करतात, वाफसा कशाला म्हणतात, हे कुणी शिकवायला बसलं नव्हतं. ते शब्द त्यांच्यासाठी नव्हतेच. ते शेजारून कानावर पडले. गिरणी कामगाराच्या घरी साहित्यावरची चर्चा पडली, प्राध्यापकाच्या घरी बोनसवरची. भाषेचा मोठा भाग आपण असाच शिकतो, दुसऱ्याला उद्देशून बोललेलं ऐकून.

दुसरी बाजू

हे सगळं ऐकून 'तो काळ किती छान' असं म्हणायचा मोह होईल. जरा थांबा. क्रम लावणारा एकच असला की तो काय काय करू शकतो, हेही याच दशकात दिसलं.

जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, पण दोन्ही सरकारच्याच हातात. त्याच वर्षी किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमाला नकार दिला, आणि त्याची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून गायब झाली. 'छायागीत' बघणाऱ्यांना कुणी पाटी दाखवून कारण सांगितलं नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती. त्या रविवारी दिल्ली दूरदर्शनने लोकांनी घरीच बसावं म्हणून 'बॉबी' दाखवला. नवा, गाजलेला, हवाहवासा सिनेमा. सभेला गर्दी तरीही झाली. सिनेमा कुठला आणि किती वाजता, हा निर्णयसुद्धा राजकारण असू शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

या एका छपराखाली सगळे सारखे बसलेही नव्हते. मुंबई केंद्रावर मराठीबरोबर हिंदी, गुजराती, इंग्रजी यांनाही जागा होती. शहरच तसं असल्यामुळे ते योग्यही होतं. पण कोकणी, अहिराणी किंवा गोंडी बोलणाऱ्याला आपली बोली त्या संध्याकाळी क्वचितच भेटली असती. गजऱ्यात कुठली फुलं घ्यायची हे गजरा माळणाऱ्याला विचारत नव्हते.

मग आलं १९८२. १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि रात्रीची मोक्याची वेळ सगळ्या देशाला एकच चित्र दिसू लागलं. रंगही त्याच वर्षी आले. ते वेस्ट विंडसरच्या पद्धतीचे नव्हते. भारताने पश्चिम जर्मनीत विकसित झालेली पाल पद्धत घेतली, इंग्लंडने घेतली होती तीच. नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एशियाड स्पर्धा लोकांनी रंगात बघितल्या. मराठी कार्यक्रम संध्याकाळच्या अलीकडच्या तासांत सरकले. योगायोग असा की त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना परत जाता आलंच नाही. वरळीच्या मनोऱ्याखालचं गिरणगाव पुढच्या काही वर्षांत विस्कटत गेलं. 'कामगार विश्व' ज्यांच्यासाठी होतं, त्यांचं विश्वच मोडलं.

परदेशातला आपला तास

देशाबाहेर गेलेल्यांच्या वाट्याला काय आलं? इंग्लंडमध्ये बीबीसीने १९६५ मध्ये भारत-पाकिस्तानातून आलेल्या लोकांसाठी 'अपना ही घर समझिए' हा कार्यक्रम सुरू केला, आणि १९६८ पासून 'नई ज़िंदगी नया जीवन'. भाषा साधी हिंदुस्तानी, पंजाब्याला आणि कराचीकराला दोघांनाही समजेल अशी. लंडनमधल्या मराठी कुटुंबाने तेच बघितलं. अख्ख्या आठवड्याच्या क्रमात आपल्यासाठी एवढाच कोपरा, पण ब्रिटनमधले इतर प्रेक्षकही चॅनेल लावून चुकून तिथे पोचू शकत होते. शेजार अजून शिल्लक होता.

अमेरिकेत गोष्ट वेगळी झाली. १९९३ मध्ये टीव्ही एशिया सुरू झालं. त्याचं कार्यालय एडिसनला, वेस्ट विंडसरपासून फार लांब नाही. १९९९ मध्ये भारतात अल्फा मराठी आलं, आजचं झी मराठी, आणि काही वर्षांत ते इथल्या घरांतही पोचलं. कोपऱ्याच्या जागी अख्खं चॅनेल मिळालं. ही मोठी गोष्ट होती, आणि ती मिळवायला लोकांनी पैसे आणि मेहनत दोन्ही घातली. पण त्या चॅनेलवर शेतकऱ्यांसाठी तास नव्हता, कामगारांसाठी नव्हता. मालिका, गाण्याच्या स्पर्धा, स्वयंपाक, सणवार. जे विकलं जातं ते.

रूट वनवरच्या त्या आवाराची गोष्ट इथे पुन्हा कामाला येते. तिथेच जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात द्रव स्फटिकांचा पडदा करून दाखवला आणि १९६८ मध्ये आरसीएने तो जगापुढे मांडला. आजच्या पातळ पडद्यांच्या पूर्वजांपैकी तो एक. म्हणजे एकाच प्रयोगशाळेने घराला एका खोलीत जमवणाऱ्या रंगीत संचावरही काम केलं, आणि पुढे ज्यातून प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आला त्या तंत्राची सुरुवातही तिथेच झाली. आरसीएला पुढे जनरल इलेक्ट्रिकने विकत घेतलं आणि १९८७ मध्ये प्रयोगशाळा दुसऱ्या एका संशोधन संस्थेला देऊन टाकली.

आता तुमच्या हातातल्या पडद्याकडे बघा. मराठी विनोदाच्या दोन क्लिप बघितल्या की तिसरी विनोदाचीच येते. मोदकाची रेसिपी बघितली की पुरणपोळीची येते. यात तुमचा दोष नाही आणि मराठी कमी पडतेय असंही नाही. पण परदेशात वाढलेल्या मुलांची मराठी स्वयंपाकघर, सण आणि विनोद एवढ्यात का अडकते, याचं एक कारण इथे सापडतं. त्यांच्या कानावर त्यांच्यासाठी नसलेली मराठी पडतच नाही. 'वाफसा' हा शब्द शोधून कोण बघणार? तो अस्तित्वात आहे हेच माहीत नसेल तर शोधायचा कसा? रीथचा जुना सवाल पुन्हा समोर येतो, फक्त आता उत्तर देणारा कुणी अधिकारी समोर नाही. एका अर्थी ते बरंच आहे. आणीबाणीतला तो रविवार आठवा.

त्यामुळे एकच चॅनेल परत आणा, असं आम्ही म्हणणार नाही. पण शेजार मुद्दाम करता येतो. आठवड्यातून एकदा स्वतःला नको असलेलं काहीतरी मराठीत ऐकायचं ठरवा: कापसाच्या भावाची चर्चा, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची बातमी, एखाद्या मच्छीमाराची मुलाखत. निम्मं कळणार नाही. चालेल. चाळीच्या दारात उभं राहून बघणाऱ्या पोरांनाही निम्मंच कळत होतं.

आणि एक काम. त्या संध्याकाळींतलं फार थोडं आज जपलेलं आहे. बरंचसं थेट जायचं, टेप महाग होत्या आणि पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. बीबीसीनेही आपल्या जुन्या टेप अशाच पुसल्या. म्हणून पुढच्या वेळी आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलाल तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि टीव्हीबद्दल विचारा. 'तुमचा आवडता कार्यक्रम कोणता?' हा प्रश्न शेवटी ठेवा, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. आधी हे विचारा: टीव्ही कुणाच्या घरी बघायचात? कोण कुठे बसायचं? कुणाला आत येऊ देत नव्हते? आणि असा कोणता कार्यक्रम होता जो अजिबात आवडायचा नाही, पण पुढचं लागेपर्यंत बघत बसायचात? त्यातलं काय आठवतंय?

शेवटच्या प्रश्नावर थोडा वेळ द्या. तिथे बरंच काही निघतं.